राणी, कव्हर आणि उरलेली सोंगटी
कॅरमच्या शेवटच्या फटक्यातून घराने शिकावे असे काही

वैशाखातली दुपार आहे. ढोकीसारख्या गावात या वेळी रस्त्यावर चिटपाखरूही नसते. कारखान्याचा गळीत हंगाम संपलेला असतो, शाळांना सुट्टी लागलेली असते आणि घराघरांत माळ्यावरचा कॅरमबोर्ड खाली उतरलेला असतो. तेरणेच्या काठावरील तेरपासून जवळ असलेल्या या गावी बिलियर्ड्सचे किंवा पूलचे भले मोठे टेबल सहसा दिसणार नाही. तरीही त्या खेळांचे सारे मर्म आपल्या या चौकोनी फळीवर उतरले आहे. कोन तोच, कडेवरून उलटणारा फटका तोच आणि डावाच्या अखेरीस मनाची होणारी घालमेलही तीच.

वाचकहो, क्षणभर कल्पना करा. बोर्डच्या एका बाजूला आपण बसला आहात आणि समोर आपले आजोबा. बारा वर्षांची नात कडेला बसून श्वास रोखून पाहते आहे. आजोबांचे 21 गुण झाले आहेत, आपले 18. डाव 25 गुणांचा आहे. आपल्या दोन पांढऱ्या सोंगट्या उरल्या आहेत, आजोबांची एकच काळी, आणि राणी अजून पटावरच आहे. फटका आपला आहे. कोणता माराल?

हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. त्याचे उत्तर ज्या विचारातून निघते, तो विचार घरातल्या एखाद्या अवघड रात्रीही उपयोगी पडू शकतो. म्हणून आरोग्याला वाहिलेल्या या पानांवर आज त्याला जागा दिली आहे.

पट मांडून पाहू

घरात कॅरम असेल तर ही स्थिती प्रत्यक्ष मांडावी. आपली एक पांढरी सोंगटी समोरच्या उजव्या पॉकेटच्या तोंडाशी आहे. हलका स्पर्श झाला तरी आत जाईल अशी. दुसरी पांढरी डावीकडच्या कडेच्या मध्यावर लाकडाला अगदी चिकटून बसली आहे. राणी आजोबांच्या बेसलाइनच्या पलीकडे, त्यांच्या हाताखाली आहे. आपल्याला ती बारीक कट मारून समोरच्या डाव्या पॉकेटमध्ये घालता येण्याजोगी आहे, परंतु आजोबांना तेथून ती घेणे जड आहे. त्यांची काळी मात्र आपल्या जवळच्या डाव्या पॉकेटच्या तोंडाशी, म्हणजे त्यांच्या दृष्टीने अगदी समोर आणि सोपी आहे.

आता नियमांची उजळणी करू. राणी घेतली की लगेच पुढच्या फटक्यात आपली एक सोंगटी घालून तिला कव्हर द्यावे लागते. न दिल्यास राणी पुन्हा मध्यावर येते. राणी पटावर असताना कोणालाही आपली शेवटची सोंगटी घेऊन डाव जिंकता येत नाही. राणीचे 3 गुण असतात, पण ते तिला कव्हर देऊन बोर्ड जिंकणाऱ्यालाच मिळतात. हरणाऱ्याने ती घेतली असेल तर ते कोणालाच मिळत नाहीत. जिंकणाऱ्याचे गुण 21 पर्यंत असतील तरच हे 3 गुण धरले जातात. शिवाय प्रतिस्पर्ध्याची उरलेली प्रत्येक सोंगटी जिंकणाऱ्याला एकेक गुण देते.

सोपे ते आधी?

अशा वेळी हात आपोआप कोठे जातो? पॉकेटच्या तोंडाशी असलेल्या पांढरीकडे. ती सोपी आहे, डोळ्यांसमोर आहे आणि ती घेतली की काहीतरी साधल्यासारखे वाटते.

थोडे थांबून हिशेब करू. आपल्या हाताचा अंदाज असा धरा: ही सोपी सोंगटी दहा वेळा मारली तर नऊ वेळा जाईल, राणी दहांत पाच वेळा, आणि कडेला चिकटलेली पांढरी दहांत तीन वेळा. बोर्ड जिंकायचा तर तिन्ही जाव्या लागतील. सोपी आधी घ्या किंवा राणी आधी घ्या, तिन्ही एका दमात जाण्याची शक्यता सारखीच येते: शंभरांत सुमारे तेरा-चौदा वेळा. गुणाकारात क्रम बदलला तरी उत्तर बदलत नाही, हे आपण शाळेतच शिकलो आहोत.

मग क्रमाने फरक पडतो तो कोठे? चुकल्यावर.

सोपी सोंगटी आधी घेतली, मग राणीही घेतली आणि कव्हरसाठी कडेची पांढरी मारताना चुकलो, तर राणी परत मध्यावर येते. मध्यावरची राणी आजोबांना मोकळी मिळते आणि त्यांची काळी तर पॉकेटपाशीच आहे. राणीचे 3 आणि आपल्या उरलेल्या सोंगटीचा 1, असे 4 गुण त्यांना मिळाले की 21 चे 25 होतात. डाव संपला.

उलट राणी आधी घेतली, सोप्या पांढरीने तिला कव्हर दिले आणि मग कडेची पांढरी चुकली, तर? आजोबा आपली काळी घालतील आणि बोर्ड जिंकतील, हे जवळजवळ ठरलेले आहे. पण राणी आपल्याकडे असल्याने त्यांना तिचे गुण नाहीत. आपल्या एका सोंगटीचा 1 गुण तेवढा मिळेल. 21 चे 22 होतील. आपण बोर्ड हरलो, पण डाव शिल्लक राहिला.

राणीचाच फटका चुकला तर दोन्ही क्रमांत धोका आहे. आजोबांनी राणी आणि काळी दोन्ही साधल्या तर त्यांचे 25 होतातच. मात्र राणी आधी मारली असेल तर पुढच्या खेपेसाठी आपले सोपे कव्हर अजून जागेवर असते. सोपी आधी खर्चून टाकली असेल तर ते नसते.

यशाची शक्यता दोन्हीकडे सारखी, अपयशाची किंमत मात्र वेगळी. पॉकेटच्या तोंडाशी असलेली सोंगटी म्हणजे आपली शिल्लक आहे. अडचणीच्या वेळी उपयोगी पडावी म्हणून ती राखायची असते.

तिसरा मार्ग

आणखी एक फटका आहे, जो नवख्याला दिसतच नाही. या खेपेस काहीच न घेता कडेची पांढरी लाकडापासून सोडवून मोकळ्यावर आणायची. राणी आजोबांना जड आहे आणि ती घेतल्याशिवाय त्यांना काळी घालून सुटता येत नाही. म्हणजे त्यांना एक खेप दिली तरी लगेच सारे बिघडेल असे नाही. आपली खेप परत आली, तर तीच कडेची सोंगटी दहांत तीनऐवजी सात वेळा जाण्यासारखी झालेली असेल.

मग हाच मार्ग उत्तम का? याचे उत्तर हातावर अवलंबून आहे. ज्याची राणी दहांत आठ वेळा जाते आणि कडेची सोंगटी दहांत सहा वेळा, त्याने वाट पाहणे म्हणजे आजोबांना फुकटची संधी देणे. ज्याची राणी दहांत चार वेळाच जाते, त्याने थांबून जागा सुधारणे शहाणपणाचे. शिवाय आजोबा काही प्रेक्षक नाहीत. तेही आपल्या खेपेत आपली पांढरी हुसकावतील किंवा राणी स्वतःसाठी सोयीची करून ठेवतील.

पूलमधील एट-बॉल हा खेळ खेळणारे लोकही अखेरीस असाच विचार करतात. शेवटी घ्यायचा तो आठ क्रमांकाचा काळा चेंडू. कसलेला खेळाडू पहिल्यांदा ठरवतो की काळा कोणत्या पॉकेटमध्ये घालायचा, मग त्याआधीचा चेंडू कोणता असावा आणि मग त्याच्याही आधीचा. तो शेवटाकडून मागे येतो. स्नूकरचा उगम तर आपल्या शेजारच्या जबलपुरातलाच. 1875 च्या सुमारास नेव्हिल चेंबरलेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने तेथे हा खेळ रूढ केला, असे मानले जाते. प्रतिस्पर्ध्याला अवघड जागी ठेवणारा बचावाचा फटका ही त्या खेळातली मानाची कला आहे. 1922 साली पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स 1958 आणि 1964 मध्ये बिलियर्ड्सचे हौशी जगज्जेते झाले. कॅरममध्ये पुण्याचे योगेश परदेशी आणि मुंबईचे प्रशांत मोरे यांनी विश्वविजेतेपद मिळवले आहे. अशांचा खेळ पाहताना आपले लक्ष अचूक फटक्यांकडे जाते. त्यांनी मारायचे टाळलेले फटके मात्र आपल्या नजरेतून सुटतात.

हात का थरथरतो?

विचार बरोबर झाला तरी शेवटच्या फटक्याला बोट दगा देते, हा अनुभव कोणाला नाही? यामागे शरीराचे साधे कारण आहे. काहीतरी पणाला लागले की अ‍ॅड्रिनलिन वाढते, हृदयाचे ठोके जलद होतात, स्नायू ताठतात. पळायचे किंवा झुंजायचे असेल तर ही तयारी उत्तम. पण सुमारे 15 ग्रॅम वजनाच्या स्ट्रायकरला बोटाने नेमका धक्का देण्यासाठी ती त्रासदायक ठरते. प्रमाणित बोर्डच्या पॉकेटचा व्यास 4.45 सेंटिमीटर असतो आणि सोंगटीचा तीन सेंटिमीटरांहून थोडा अधिक. म्हणजे चूक पोटात घालायला जागा सव्वा सेंटिमीटरच्या आसपास. तेवढ्यात बोटाचा कंपही पुरेसा होतो.

ताणाखाली लक्षही आकुंचन पावते. सर्वांत जवळचे, सर्वांत ठळक तेवढेच दिसते. सोप्या सोंगटीकडे हात आपोआप जातो तो यामुळेही.

यावर दोन उपाय आहेत. पहिला श्वासाचा. श्वास घेण्यापेक्षा सोडायला थोडा अधिक वेळ द्यावा. असे दोन-तीन वेळा केले की ठोके संथ होऊ लागतात. दुसरा नजरेचा. फटक्यापूर्वी नजर लक्ष्यावर स्थिर ठेवण्याच्या या सवयीचा अभ्यास जोन विकर्स या कॅनडातील संशोधिकेने अनेक खेळांत केला. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या विल्यम्स, सिंगर आणि फ्रेलिक यांच्या अभ्यासात बिलियर्ड्सचे खेळाडू तपासले गेले. कुशल खेळाडूंची ही स्थिर नजर नवख्यांपेक्षा अधिक वेळ टिकत होती; यशस्वी फटक्यांपूर्वीही ती चुकलेल्या फटक्यांपूर्वीपेक्षा दीर्घ होती. घाईत भिरभिरणारी नजर बोटाला पक्का निरोप देऊ शकत नाही.

म्हणून घरात एक शिस्त लावून घ्यावी. निर्णय होईपर्यंत हात मांडीवर. मनात तीन प्रश्न: हा फटका साधला तर पटावर काय उरेल? चुकला तर काय उरेल? चुकल्यावर डाव माझ्या हाती राहील का? उत्तर ठरले की श्वास सोडावा, नजर सोंगटीवर ठेवावी आणि मारावे. स्ट्रायकर लावल्यावर निर्णय बदलू नये. बदलावासा वाटला तर हात उचलून पुन्हा मांडीवर ठेवावा.

आपल्या हाताचा खरा हिशेब

वरचे सारे गणित एका गोष्टीवर उभे आहे: दहांत किती वेळा? आणि येथेच बहुतेकांची फसगत होते. आठवणीत राहतात ते साधलेले अवघड फटके. चुकलेले आपण टेकलेल्या हातावर, पावडरवर किंवा बोर्डवर ढकलून देतो.

सुट्टीत मुलांबरोबर हा प्रयोग करून पाहा. एक सोंगटी ठरावीक जागी ठेवा. प्रत्येकाने आधी कागदावर लिहायचे की दहांत किती जातील. मग दहा वेळा मारून मोजायचे. आठ लिहिणाऱ्याच्या चार गेल्या तर हसू येईल, पण चिडवू नये. चार-पाच दिवस हाच खेळ खेळला की अंदाज आणि वास्तव जवळ येऊ लागलेले मुलांना स्वतःलाच दिसेल. स्वतःच्या कौशल्याविषयी प्रामाणिक असणे ही मनाच्या आरोग्याची मोठी खूण आहे, आणि ती उपदेशापेक्षा अशा मोजणीतून लवकर अंगी बाणते.

पटावरून घरात

आता ज्यासाठी हा विषय काढला त्याकडे वळू. समजा, त्याच घरात रात्री साडेबारा वाजता आजोबा उठून बसतात. छातीत जड वाटते म्हणतात, अंगाला दरदरून घाम आला आहे. घरातले कोणी म्हणते, रात्री भजी खाल्ली होती, गॅस असेल, ओवा द्या, सकाळी पाहू. मोठे रुग्णालय गाठायचे तर धाराशिव किंवा लातूरचा रस्ता धरावा लागणार. सकाळपर्यंत थांबणे हा समोरचा सोपा फटका आहे.

अशा वेळी ‘गॅस असेल की हृदयविकार?’ हा प्रश्न घरी बसून सुटत नाही. तो ईसीजी आणि डॉक्टर सोडवतील. आपण विचारायचा तो पटावरचाच प्रश्न: आपला अंदाज चुकला तर काय उरेल? रुग्णालयात गेलो आणि गॅसच निघाला, तर एक रात्रीची झोप आणि थोडे पैसे गेले. थांबलो आणि हृदयविकाराचा झटका निघाला, तर मधल्या प्रत्येक तासाला हृदयाच्या स्नायूचा काही भाग कायमचा निकामी होत जातो, आणि जीवही जाऊ शकतो. गॅसचीच शक्यता अधिक वाटत असली तरी दोन चुकांची किंमत सारखी नाही. तेथे निर्णय होतो.

छातीत दाब, ती वेदना डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणे, घाम, धाप, मळमळ यांपैकी काही असेल तर 108 वर फोन करावा. रुग्णाला चालवू नये आणि त्याला स्वतः गाडी चालवू देऊ नये. मधुमेही, वृद्ध आणि स्त्रिया यांच्यात लक्षणे पुसट असू शकतात. नुसता थकवा किंवा धापही पुरेशी सूचना असते. चेहरा एका बाजूला वाकडा होणे, एक हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे ही पक्षाघाताची चिन्हे दिसली तरी तसेच. त्यात गुठळी विरघळवणारे औषध पहिल्या साडेचार तासांतच देता येते, म्हणून लक्षणे केव्हा सुरू झाली ती वेळ लिहून ठेवावी.

हाच प्रश्न कधी उलट उत्तरही देतो. खेळत्या, पाणी पिणाऱ्या मोठ्या मुलाला साधी सर्दी झाली आहे. कोणी म्हणते, मागच्या वेळचे अँटिबायोटिक उरले आहे, देऊन टाका. येथे थांबण्याची किंमत थोडी आहे. विषाणूंमुळे होणाऱ्या सर्दीवर त्या औषधाचा उपयोग नाही आणि त्याचे दुष्परिणाम मात्र होऊ शकतात. येथे लक्ष ठेवून थांबणे हाच शहाणा फटका. ताप टिकला, श्वास जलद झाला, मूल मलूल पडले तर पट बदलला असे समजून डॉक्टरांकडे जावे.

थांबणे नेहमीच बरोबर नाही आणि धावणेही नेहमीच बरोबर नाही. चुकण्याची किंमत मोजून ठरवावे.

खेळताना एवढे सांभाळा

कॅरमवर अनेक घरांत बोरिक पावडर वापरतात. ती पोटात गेल्यास विषारी ठरू शकते. लहान मुलांच्या हाती डबा लागू देऊ नये, फुंकर मारून पावडर उडवू नये आणि खेळ संपल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये. तान्हे किंवा रांगते मूल घरात असेल तर बोर्डखालची जमीन पुसून घ्यावी.

ज्यांचे गुडघे किंवा कंबर दुखते त्यांनी जमिनीवर मांडी घालून तासन्‌तास बसू नये. बोर्ड स्टुलावर किंवा टेबलावर ठेवून खुर्चीत बसावे. दर अर्ध्या तासाने उठून चार पावले चालावे. दिवा बोर्डच्या मधोमध वर असावा, म्हणजे हाताची सावली पडत नाही आणि डोळ्यांवर ताण येत नाही. हरलेल्या मुलाला लगेच समजावू नये. थोड्या वेळाने शेवटची स्थिती पुन्हा मांडावी आणि त्यालाच विचारावे, आता काय मारशील?

आपल्या पटावरचा प्रश्न अजून शिल्लक आहे. आपली राणी दहांत पाच वेळा जात असेल, तर सरळ जाणे आणि थांबणे यांत फार अंतर नाही. आजोबांचा हात राणीवर कसा चालतो ते पाहून ठरवावे. सरळ जायचे ठरले तर राणी आधी, सोपी पांढरी कव्हरला आणि कडेची शेवटी. आज संध्याकाळी हीच स्थिती बोर्डवर मांडा, घरातल्या प्रत्येकाला फटका निवडायला सांगा आणि प्रत्येकाला विचारा: चुकलात तर काय उरेल? आणि बोर्ड आवरून ठेवण्यापूर्वी 108 हा क्रमांक घरातल्या लहानथोरांना पाठ आहे ना, तेही एकदा विचारून घ्या.